संज्या, तो डॉक्टरचा सीन काढ

प्रिय संज्या,

तुझी स्क्रिप्ट काल रात्री एका बैठकीत वाचली भो. धान्याच्या कणगीमागं लपलेलं पोरगं, बाहेर आईबापाचं भांडण, आणि धाब्याच्या घरातला झरोका दर सीनला थोडा थोडा वर सरकत जातो, हे लई जबरदस्त सुचलंय तुला. पण शेवटी ते पोरगं मोठं होऊन जळगावला डॉक्टरकडं जातं अन् डॉक्टर सगळं समजावून सांगतो, तो सीन काढ. मनापासून सांगतो, काढच.

लहान पोराला भीतीचं कारण माहीत नसतं रे, त्याला फक्त आपलं घर बदललेलं दिसतं. स्किनामरिंक हा भीतीचा पिक्चर परत बघ. कायल एडवर्ड बॉलनं तो कॅनडात, एडमंटनला, स्वतःच्या लहानपणच्या घरातच शूट केला, १५ हजार डॉलरमधे. दोन लेकरं रात्री उठतात तर बाप नाही, दारं-खिडक्या गायब, आणि कॅमेरा कुठं तर छताच्या कोपऱ्यात, जमिनीवरच्या खेळण्यांवर, लेकरांचे चेहरे धड दिसतच नाहीत. हा बॉल आधी यूट्यूबवर लोकांनी सांगितलेल्या वाईट स्वप्नांच्या छोट्या फिल्म करायचा, तेव्हा त्याला एकच स्वप्न सारखं ऐकायला मिळायचं, आपण लहान आहोत, घरात आईबाप नाहीत आणि काहीतरी आहे. पिक्चर फार हळू आहे, बऱ्याच जणांना बोअर झाला, पण मला तो हळूपणाच खरा वाटतो.

आणि १९६० चा पीपिंग टॉम. त्यात बाप शास्त्रज्ञ, भीतीचा अभ्यास करायचा म्हणून स्वतःच्या पोराच्या अंथरुणात सरडा सोडतो अन् त्याचं शूटिंग करतो. तो बाप डायरेक्टर मायकेल पॉवेल स्वतः झालाय आणि पोरगं त्याचंच खरं पोरगं. हे कळल्यापासून ते तुकडे मला बघवत नाहीत.

शेवट कसा करायचा म्हणशील तर बाबाडूक आठव, जेनिफर केंटचा, २०१४ चा. त्या पिक्चरमधलं भूत मरतच नाही. तळघरात राहतं आणि आई त्याला गांडुळं खायला नेऊन देते, बस, कोणी काही समजावत नाही. तुझ्या पोरालाही मोठं झाल्यावर गावी परत आण, कणगीशी काहीतरी करू दे, काय ते तू ठरव, तुझं घर तुला माहीत.

आवाजाचं काम मी करतो. भांडणातले शब्द कळायला नको, भिंतीपलीकडून येतो तसा नुसता आवाज पाहिजे. आणि काकूंना विचार, ती कणगी अजून आहे का, नसली तर अडावदला मामाकडं एक आहे, ट्रॅक्टरमधे टाकून आणू.

तुझा,
बाळ्या