पार्ट बदलण्याआधी

चिपळूण,
६ जुलै २०२५

चि. प्राजक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

आज आषाढी, त्यातून रविवार. दुकान बंद आहे आणि पावसाने पहाटेपासून धरलंय. काल रात्री तू फोनवर जेमतेम पाच मिनिटं बोललीस, पण तुझा आवाज उतरलेला लगेच कळला. मी आपलं "होईल गं नीट" एवढंच म्हणालो. ते मला रात्रभर टोचत राहिलं, म्हणून आज वही घेऊन बसलोय.

तू सांगितलंस ते असं. तुमच्या वर्कशॉपात आलेली एक गाडी गरम झाली की सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर, अर्धवट घेते, कधी नुसता टक् आवाज येतो. तुम्ही बॅटरी बदललीत. आठ दिवसांत गाडी परत आली. आता साहेब म्हणतायत सेल्फ बदला, आणि गिऱ्हाईक विचारतंय, मग बॅटरीचे पैसे कशाचे घेतलेत? तुला उत्तर देता आलं नाही. बाय, गिऱ्हाइकाचं बरोबर आहे. तू गप्प राहिलीस तेही बरोबर, कारण तुझ्याकडे सांगायला आकडा नव्हता. कोणीच मोजलं नव्हतं.

ही चूक मी तुझ्याआधी केलेली आहे. तू तेव्हा दोनेक वर्षांची होतीस. खेडकडच्या एका वडापवाल्याची ट्रॅक्स माझ्याकडे आली. तक्रार अगदी हीच. थंड असताना सुरू व्हायची, दोन फेऱ्या झाल्या की सेल्फ अडकल्यासारखा. मी सेल्फ उतरवला, कार्बन आणि बुश बदलले. चार दिवस चालली, परत आली. मग सोलेनॉइड, म्हणजे सेल्फला करंट जोडणारा त्याच्यावरचा स्विच, टाकला. मग जुन्या बाजारातून अख्खा सेल्फ आणून चढवला. दर वेळी वाटायचं, आता झालं. गणपतीचे दिवस, मुंबईकर गावी उतरलेले, आणि त्या माणसाची गाडी माझ्या दारात उभी. त्याचा सीझन माझ्यापायी गेला.

शेवटी ज्यांच्या हाताखाली मी शिकलो ते उस्ताद एकदा सहज दुकानावर आले होते, त्यांना दाखवली. त्यांनी सेल्फकडे पाहिलंसुद्धा नाही. जंपर केबल घेतली, एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं थेट इंजिनच्या ब्लॉकला लावलं आणि म्हणाले, मार सेल्फ. गाडी अशी उचलली की मी दचकलो. इंजिन आणि चॅसीमधली अर्थची, म्हणजे करंट बॅटरीच्या मायनसकडे परत नेणारी, पट्टी गेलेली होती. वरून धडधाकट. नट सोडून लग, म्हणजे पट्टीच्या टोकाची कडी, उपसला तेव्हा आतून हिरवी भुकटी सांडली आणि तांब्याच्या चार-पाच तारा तेवढ्या धड निघाल्या. मी त्या पट्टीवर कंटिन्युइटी मारलेली होती, म्हणजे वाट जोडलेली आहे का ते मीटरने पाहिलं होतं, आणि मीटर छान वाजला होता!

तो का वाजला, हे नीट समजून घे, कारण आयटीआयच्या दोन वर्षांत तुम्हाला ओहमचा नियम शिकवला, पण तो असा अंगावर आलेला नसतो. मीटरच्या दोन पिना नुसत्या एकमेकींना लाव. ०.२ किंवा ०.३ ओहम दाखवेल, तो पिनांच्या वायरींचाच. आता हिशोब कर. डिझेल गाडीचा सेल्फ २०० अँपियर सहज ओढतो. वाटेत फक्त ०.०१ ओहम जास्तीचा आला, तर २०० गुणिले ०.०१, म्हणजे २ व्होल्ट तिथेच जिरले. ०.०१ ओहम तुझा मीटर कसा पकडणार? शिवाय ओहम मोजताना तो वायरीतून नखभर करंट सोडतो. तेवढा एका तारेतूनही जातो. वायरीची खरी परीक्षा तिच्यावर लोड असतानाच होते.

म्हणून मंगळवारी गाडी आली की आधी ती फिरवून गरम कर. थंड गाडीवर मोजून उपयोग नाही, दोष गरम झाल्यावर आहे. मग मीटर डीसी व्होल्टच्या २० च्या रेंजवर ठेव. काळी पिन बॅटरीच्या मायनस पोस्टवर, क्लॅम्पवर नव्हे, थेट शिशाच्या खुंटीवर. लाल पिन इंजिन ब्लॉकच्या उघड्या धातूवर, रंगावर नको. कुणाला तरी सेल्फ मारायला सांग आणि मारत असतानाच आकडा बघ. ०.२ च्या आसपास असेल तर अर्थ चांगली आहे. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर तिथेच थांब, तुझा चोर सापडला. नंतर तसंच प्लस खुंटीपासून सेल्फच्या जाड बोल्टपर्यंत मोज, तिथेही अर्ध्या व्होल्टच्या आत हवं. बॅटरीच्या दोन खुंट्यांवर सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जायला नको. नुसता टक् येतो तेव्हा सोलेनॉइडच्या बारीक वायरीवर, म्हणजे ५० नंबरच्या टर्मिनलला, किती व्होल्ट पोचतात तेही बघ. कमी असतील तर चावीचा स्विच नाहीतर रिलेचे पॉइंट जळालेत. हे सगळं ठीक निघालं आणि तरी सेल्फ ओढत नसला, तरच सेल्फला हात लाव.

त्या वडापवाल्याला मी सेल्फचे आणि मजुरीचे पैसे परत दिले. घरात तेव्हा ओढाताण होती, तुझी आई एका शब्दाने बोलली नाही. तो माणूस आजही गाडी माझ्याकडेच आणतो.

अर्थ म्हटलं की पुराची आठवण येते. या २२ तारखेला चार वर्षं होतील. तुझा दहावीचा निकाल लागून आठवडाही झाला नव्हता. वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं आणि ओसरल्यावर गाड्यांची रांग लागली, सगळ्या चिखलाने भरलेल्या. लोक आधी चावी फिरवून बघायचे, चालते का. आणि तिथेच नुकसान व्हायचं. साधं पाणी कपलरात, म्हणजे वायरी जोडायच्या प्लगात, गेलं तर ते वाळवता येतं. पण पाण्यातून करंट वाहिला की पिनेचं तांबं खाल्लं जातं, हिरवा थर चढतो, आणि बॅटरी जोडलेली राहिली तर चावी बंद असतानाही हे चालूच राहतं. म्हणून आपण प्रत्येक गाडीची आधी मायनस काढत होतो. तू पांढरी चिकटपट्टी घेऊन बसायचीस आणि सुटलेल्या प्रत्येक कपलरवर नंबर लिहायचीस. अकराशी अकरा, बाराशी बारा. वीज नव्हती, टॉर्चच्या उजेडात तू त्या पिना ब्रशने साफ केल्यास. एकही कपलर उलटसुलट लागला नाही. त्या आठवड्यात मी ठरवलं की ही पोर हे काम शिकायचं म्हणाली तर अडवायचं नाही.

त्यातल्या काही गाड्या पुढे सहा महिने येत राहिल्या. ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणायचा, पार्किंग लावलं की ब्रेकचा दिवा मंद व्हायचा. लोक म्हणायचे शॉर्ट आहे. शॉर्ट असता तर फ्यूज उडाला असता. मागच्या लॅम्पची अर्थ गंजलेली असायची. ब्रेकच्या बल्बमधून आलेल्या करंटला परतीची वाट मिळेना, म्हणून तो शेजारच्या इंडिकेटरच्या बल्बमधून उलटा वाट काढायचा. करंट बॅटरीतून निघतो तसा त्याला परत बॅटरीत जायचंही असतं. आपण नेहमी जाणारी वायर तपासतो, येणारी विसरतो. एक दिवा लावला आणि भलताच पेटला, तर आधी अर्थ बघत जा.

आता तुमच्या स्कॅनरबद्दल, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोषांचे कोड वाचणाऱ्या यंत्राबद्दल. मला तो वापरता येतो, पण तुझ्याइतका हात बसलेला नाही. एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराचे नियम आल्यावर सेन्सर इतके वाढले की त्याच्याशिवाय चालणारच नाही. पण कोड म्हणजे पार्टचं नाव नव्हे. पी ०११३ आला की तुमच्याकडची पोरं हवेच्या तापमानाचा सेन्सर मागवतात. कोड एवढंच सांगतो की त्या सर्किटचा व्होल्टेज फार वर आहे. सेन्सर तुटला तरी तोच कोड, वायर तुटली तरी तोच, कपलर नुसता सैल असला तरी तोच. कपलर काढ आणि त्याच्या दोन पिना बारीक वायरीने जोड. स्कॅनरवरचं तापमान उणे चाळीसवरून एकदम दुसऱ्या टोकाला गेलं, तर वायरिंग आणि ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, दोन्ही ठीक, सेन्सरच गेला. हललंच नाही, तर सेन्सर बदलून काहीही होणार नाही. दोन मिनिटांचं काम आहे.

कॅनचं, म्हणजे गाडीतले कॉम्प्युटर ज्या दोन वायरींवरून एकमेकांशी बोलतात त्यांचं, मला तूच शिकवलंस. बॅटरी काढून ओबीडी सॉकेटच्या, म्हणजे स्कॅनर लावतात त्या सॉकेटच्या, ६ आणि १४ नंबरमध्ये ६० ओहम यायला हवेत, १२० आले तर दोन टोकांच्या रेझिस्टरपैकी एक तुटलंय. एका वायरीला एकच काम या हिशोबाने मी आयुष्य काढलं, आणि इथे दोन वायरींवरून अख्खी गाडी बोलते. दिवाळीला आलीस की स्कोपवर, त्या सिग्नलची रेघ दाखवणाऱ्या यंत्रावर, ते सिग्नल मला दाखव.

माझा जुना टेस्ट लॅम्प पाठवतोय, २१ वॅटच्या बल्बचा. ज्या वायरीवर मीटर १२ दाखवतो आणि तरी हा पेटत नाही, ती वायर आतून गेलेली. पण तो हेडलाइट, हॉर्न, फॅन यांच्यापुरताच. ईसीएमच्या कुठल्याही वायरीला तो लावायचा नाही, तो एवढा करंट ओढतो की आतला ट्रान्झिस्टर जाईल. एअरबॅगच्या पिवळ्या वायरींना लॅम्प नाही, मीटरही नाही. इलेक्ट्रिक गाडीच्या नारिंगी केबलला तर ट्रेनिंग होईपर्यंत बोटसुद्धा लावू नकोस, साहेबांनी सांगितलं तरी नाही. आणि बॅटरीवर काम करताना हातातलं कडं काढत जा. माझ्या डाव्या मनगटावरचा डाग तू लहानपणी विचारायचीस, तो प्लसवर पाना असताना घड्याळाचा पट्टा बॉडीला टेकला त्याचा आहे. मायनस आधी काढायची आणि शेवटी लावायची, ती त्यासाठी.

साहेबांशी वाद घालू नकोस. त्यांच्यावरही गाड्या काढायचा ताण असतो. "सर, सेल्फ मागवण्याआधी दहा मिनिटं द्या, मोजून सांगते," एवढं म्हण. आकडा कागदावर लिहून समोर ठेवलास तर ते ऐकतील. आणि पट्टीच निघाली, तर गिऱ्हाइकाला ती काढून हातात दे, बघू दे त्याला.

आई विचारतेय, जेवण वेळेवर होतं का. तिला तूच फोन कर. मंगळवारी मात्र मला गाडी सुरू झाली की नाही ते नंतर सांग. आधी सेल्फ मारताना मायनस खुंटी आणि ब्लॉकमध्ये किती आले, तो आकडा सांग.

तुझा,
बाबा