गोलूला बुटीबोरीला जाऊ द्या

श्टुटगार्ट, नोव्हेंबर

तीर्थरूप बाबा व सौ. आईस, साष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे. थंडी आहे, पण खोली उबदार असते आणि आईचं तिखट अजून पुरतंय. काळजी नको.

गोलूचं फोनवर नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहिते. त्याच्या कॉलेजचा बुटीबोरीच्या कंपनीशी करार झाला, त्याचं शेवटचं सेमिस्टर तिथंच काम करत व्हायचं. तुम्ही म्हणालात, "इंजिनिअर व्हाले पाठवलं, मजुरी कराले नाही." बाबा, इथली रीत ऐका. माझ्या हाताखाली दोन पोरं आहेत. बारावी झाल्यावर ती आधी आमच्या कंपनीत आली, मुलाखत दिली, करारावर सही केली, आणि त्या करारावर त्यांना विद्यापीठात जागा मिळाली. ॲडमिशनच्या आधी नोकरी! मलाही पहिल्यांदा खरं वाटलं नाही. तीन महिने वर्गात, तीन महिने आमच्याकडे, अशी तीन वर्षं. वर्गात असतात तेव्हाही पगार सुरूच. कंपनीतलं कामही पदवीत धरतात आणि त्यावर अहवाल लिहावा लागतो. विद्यापीठाच्या मंडळांवर कंपन्यांची माणसंही बसतात. १९७४ मध्ये श्टुटगार्ट आणि मानहाइमला असं शिक्षण सुरू झालं, २००९ मध्ये त्याचं विद्यापीठ झालं. आज सुमारे ९,००० कंपन्या जोडलेल्या आहेत.

हे परदेशी खूळ नाही. आपला ॲप्रेंटिस कायदा १९६१चा. १९७३ मध्ये पदवीधर आणि डिप्लोमावाले इंजिनिअरही त्यात आले.

कोणी राबवून घेत नाही, असं मी म्हणत नाही. आम्हीही सुरुवातीला मशीन पुसायला लावतो. पण जिनिंगमधल्या काकांना नुसत्या आवाजावरून बिघाड कळतो, ते हात काळे केल्यामुळेच ना? मला भीती वेगळीच आहे. गोलूच्या वर्गातल्या काहींनी पैसे भरून इंटर्नशिपचं सर्टिफिकेट आणलं, कंपनीचं गेटही न पाहता. म्हणून नाही म्हणण्याआधी कॉलेजात जाऊन विचारा: तिथं शिकवणार कोण, गुण कोण देणार, स्टायपेंड मिळणार का? उत्तरं धड मिळाली तर त्याला जाऊ द्या. खोलीभाडं मी देईन.

कर्जाचा हप्ता गेलाय. कापसाला भाव नसेल तर घाईत विकू नका, मी पाठवते. वेचणीला बाया मिळत नाहीत म्हणून आईनं वावरात जाऊ नये, तिचे गुडघे आधीच दुखतात.

वर्ध्याच्या स्थळाचा फोटो पाहिला. बोलायला माझी ना नाही, पण मी नोकरी लगेच सोडणार नाही, हे त्यांना आधीच सांगा. आजीच्या तेरवीला तिकिटाच्या पैशांमुळे आले नाही, असं नाही हो बाबा. रजाच मिळाली नाही. वर्षश्राद्धाला नक्की येते. आईला सांगा, मनात धरू नको.

गोलूला माझा फोन उचलायला सांगा.

तुमची,
मीना