एमजी बी घेण्याआधी

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर गाडीचं धड बोलणं झालं नाही, म्हणून सविस्तर लिहितेय. बाबा, मला ही गाडी मनापासून घ्यायची आहे. पण तुम्ही होकार दिल्याशिवाय पैसे देणार नाही, कारण हे इंजिन तुमच्याइतकं ओळखणारं माझ्या माहितीत कोणी नाही.

गाडी आहे 1966 ची एमजी बी. दोन सीट, उघडा टप. आपली अँबॅसिडर ज्या मॉरिस ऑक्सफर्डवरून आली, त्याच मॉरिसच्या घरातली. बॉनेट उघडलं की तुम्हाला तेच बीएमसीचं (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) बी-सीरिज इंजिन दिसेल. अँबॅसिडरमध्ये ते 1489 सीसी होतं, इथे 1798 आहे आणि एसयू कंपनीचे कार्बोरेटर दोन आहेत. ही गाडी 1962 ते 1980 इथे इंग्लंडमध्येच, ॲबिंग्डनला बनायची, पाच लाखांहून जास्त बनल्या. त्यामुळे पार्ट सहज मिळतात. 1988 पासून तर जुन्याच डायांवर (साच्यांवर) दाबलेली अख्खी नवी बॉडीसुद्धा मिळते.

हिची बॉडी मात्र मूळचीच, दुरुस्त केलेली आहे. मला खरी काळजी तिचीच. हिला वेगळी चासी नाही, वर छतही नाही, सगळा भार सिलवर, म्हणजे दारांखालच्या पत्र्याच्या पोकळ पट्ट्यांवर. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, ते नेमकं तिथे जाऊन बसतं. बाहेरून नवा पत्रा मारून रंग दिला की गाडी चकचकीत दिसते, आतला पत्रा मात्र कुजलेलाच राहतो. मालकाने काम चालू असतानाचे फोटो दाखवले. आतली-बाहेरची दोन्ही सिल कापून नवीन बसवली आहेत, आणि कापण्याआधी दारांच्या चौकटीत आधार वेल्ड केला होता, म्हणजे बॉडी वाकली नसावी. मी लोहचुंबक फिरवून पाहिलं, पुट्टी कुठे लागली नाही. जॅक लावूनही दारांची फट बदलली नाही.

सुधारणा मला बहुतेक पटल्या. डायनामो काढून अल्टरनेटर, मूळचं पॉझिटिव्ह अर्थिंग (बॅटरीचं धन टोक बॉडीला) बदलून निगेटिव्ह, ठिणगीसाठी पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशन. हेडमध्ये कडक व्हॉल्व्ह सीट (झडप टेकते ती कडी), कारण जुन्या सीटना झिजेपासून जपणारं शिशाचं पेट्रोल इथे 2000 पासून बंद झालं. जुन्या गिअरबॉक्सला पहिल्या गिअरला सिंक्रोमेश (गिअर खरखर न होता पडायची सोय) नव्हता. आता फोर्डचा पाच गिअरचा बसवलाय, हायवेला इंजिन शांत चालतं. मागे टेलिस्कोपिक शॉक आहेत, पुढचे जुने लिव्हरवालेच ठेवलेत. मला ते बरोबर वाटलं. पुढे तो लिव्हरच चाक धरणाऱ्या वरच्या आर्मचं काम करतो, उगाच छेडू नये.

आई, आता तुझ्यासाठी. पुढे डिस्क ब्रेक आहेत, तीन टोकांचे सीट बेल्ट बसवलेत. पण ब्रेकची लाइन एकच आहे, कुठे गळती झाली तर चारही चाकांचे ब्रेक जातील. ती दोन भागांत करून घेतल्याशिवाय मी गाडी मोठ्या रस्त्यावर काढणार नाही. चाळीस वर्षांवरच्या गाड्यांना इथे वार्षिक तपासणीची सक्ती नाही, तरी मी दरवर्षी करून घेईन. रोज ऑफिसला ट्रेननेच जाणार. मालक 18,000 पौंड मागतोय, म्हणजे आपले वीस लाखांच्या आसपास. रक्कम मोठी आहे, पण घराच्या हप्त्याला हात न लावता साठवलेली आहे. कर्ज काढत नाहीये.

बाबा, इंजिनचा आवाज रेकॉर्ड करून पाठवलाय. आधी थंड, मग गरम झाल्यावर. टॅपेटचा (झडपांच्या फटीचा) टकटक आवाज गरम झाल्यावरही राहतो. मालक म्हणतो फट पंधरा थाउची (इंचाचे पंधरा हजारांश) आहे, एवढा आवाज असणारच. मला तिसऱ्या सिलिंडरकडे तो जास्त वाटतो. रॉकर शाफ्ट (झडपा दाबणाऱ्या रॉकरांचा दांडा) झिजला असेल का? आणि गरम इंजिनला ऑइल प्रेशर किती दिसलं तर तुम्ही घ्या म्हणाल?

कानाला हेडफोन लावून ऐका, टीव्ही बंद करून. शनिवारी सकाळी मी पुन्हा गाडी बघायला जातेय, शुक्रवारी रात्रीपर्यंत फोन करा.

तुमची,
धाकटी