काकू, आभार मराठीतच मानतोय

काकू, तुम्हाला मराठी येत नाही हे माहितीये, माझी मुलगी वाचून दाखवेल, पण इथल्या आपल्या लोकांनी पण हे वाचावं म्हणून मराठीतच लिहितोय.

इथं अमेरिकेत पिट्सबर्गमधे बऱ्याच जणांना तुमचं दोर हदाश हे ज्यू प्रार्थनामंडळ माहीत झालं ते २७ ऑक्टोबर २०१८ मुळे. ट्री ऑफ लाइफ ह्या सिनेगॉगच्या (ज्यू प्रार्थनास्थळाच्या) बिल्डिंगमधे तीन मंडळ्या प्रार्थनेला जमायच्या, त्यातली एक तुमची, आणि त्या शनिवारी सकाळी ११ माणसं मारली गेली. आदल्याच आठवड्यात तुम्ही हायसच्या हाकेवरून निर्वासितांसाठी शब्बाथ (ज्यूंचा शनिवारचा पवित्र दिवस) पाळला होता. हायस ही १८८१ पासूनची ज्यू संस्था, आधी रशियातून पळून आलेल्या ज्यूंना सांभाळायची, आता ज्यांना सांभाळते त्यातले बहुतेक ज्यू नसतातच, आणि मारणाऱ्याचा राग नेमका ह्याच कामावर होता, तसं त्यानं ऑनलाइन लिहूनच ठेवलेलं. इतकं झाल्यावर कोणी म्हणालं असतं की बास झालं बाबा, तर मी तरी नावं ठेवली नसती. तुम्ही थांबला नाहीत.

आपली ओळख नंतरची, तीही माझ्या हिंदीमुळे. भूतानमधून हाकललेली, नेपाळमधल्या कॅम्पात वर्षानुवर्षं काढलेली नेपाळी माणसं इथं हजारोंनी आहेत, त्यातल्या एका आजोबांची सिटिझनशिपच्या परीक्षेची तयारी तुम्ही करून घ्यायचात, तेव्हा शंभरातले दहा प्रश्न विचारायचे, सहा बरोबर आले की पास व्हायचं. आजोबांचं हिंदी सिनेमे बघून झालेलं, म्हणून मी मधे दुभाष्या, आणि तुम्ही त्यांच्याच किचनमधे मुळा चिरत विचारणार, सिनेटर किती? परीक्षेच्या नावानं घाबरून त्यांचं इंग्रजी अडायचं, तुमच्या हातात सुरी असूनही तुम्हाला कमी घाबरायचे!

आणि त्या व्हेनेझुएलाच्या ताई. असायलमचा (आश्रयाचा) अर्ज केला तरी वर्क परमिटला महिनोन्‌महिने लागतात, तोवर भाडं कोण देणार? तुम्ही चारपाच जणींनी पैसे जमवलेत पण कोणी किती दिले ते आजतागायत कळू दिलं नाहीत (आपल्याकडे वर्गणीदारांची यादी मांडवाच्या दारात लागते).

आमच्याकडे होळीला एकजण म्हणाला की आम्ही एच-वन व्हिसावाले लाइनीत राहून आलो आणि हे सरळ घुसतात, तेव्हा तुम्ही पुरणपोळी खात खात सांगितलंत की असायलम मागायला आधी इथं पोचावंच लागतं, कायदाच तसा आहे. तो गप्प. खरं सांगू, आपल्यातल्या बऱ्याच जणांना हे कोणीतरी सांगायला हवंच होतं.

त्याच दिवशी मी तुम्हाला बेने इस्राएलांची, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यूंची गोष्ट सांगितली, नवगावला जहाज फुटून किनाऱ्याला लागले, तेल गाळायला लागले, शनिवारी घाणा बंद म्हणून शनवार तेली. सगळे जहाजाचं विचारतात. तुम्ही विचारलंत, पहिल्या रात्री त्यांना जेवायला कोणी घातलं? मला उत्तर आलं नाही.

असो. थँक्यू काकू, मनापासून. रविवारी ताईंचं सामान हलवायला माझी व्हॅन घेऊ, तुमच्या गाडीत गादी मावणार नाही.