‘द टुनाइट शो’ आणि एनबीसीचे लांबणीवरचे वायदे

संपादक महोदय,

अमेरिकेतील रात्रीच्या गप्पांच्या कार्यक्रमांवर आलेल्या संकटाविषयी मराठी वृत्तपत्रांतून, आपल्याही दैनिकातून, बरेच लिहून आले आहे. स्टीफन कोल्बेर यांचा कार्यक्रम बंद करण्याचा सीबीएस वाहिनीचा निर्णय आणि एबीसी वाहिनीने जिमी किमेल यांना काही दिवस पडद्यावरून दूर ठेवणे, या 2025 मधील दोन घटनांमुळे या विषयाला तोंड फुटले. हे लेखन प्रामुख्याने सरकारी दबावाविषयी असते आणि तो दबाव खरा असल्यामुळे त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती जाता जाता होणाऱ्या एका उल्लेखाविषयी. 2010 मध्ये एनबीसी या वाहिनीवर ‘द टुनाइट शो’ या रात्रीच्या कार्यक्रमाच्या सूत्रसंचालकपदावरून जे घडले, त्याचे वर्णन ‘जे लेनो आणि कोनन ओब्रायन यांच्यातील खुर्चीचे भांडण’ असे केले जाते. त्या वेळी मी अमेरिकेत राहत होते आणि हे सारे प्रकरण रोजच्या रोज पाहत होते. ते दोघांचे भांडण म्हणून सांगणे म्हणजे ज्यांनी ते घडवले, त्या व्यवस्थापनाला अलगद सोडून देणे होय.

थोडी मागची हकीकत सांगणे भाग आहे. ‘द टुनाइट शो’ एनबीसीवर 27 सप्टेंबर 1954 रोजी सुरू झाला. आधी स्टीव्ह ॲलन, मग जॅक पार आणि 1962 पासून जॉनी कार्सन यांनी तो चालवला. पार यांचा एक विनोद 1960 मध्ये वाहिनीने त्यांना न सांगता कापला, तेव्हा ते दुसऱ्या दिवशी प्रेक्षकांसमोरच निरोप घेऊन निघून गेले आणि महिनाभराने परतले. म्हणजे न विचारता कात्री चालवण्याची रीत जुनीच. कार्सन मात्र जवळजवळ तीस वर्षे, 22 मे 1992 पर्यंत, त्या जागी राहिले. एवढा दीर्घकाळ एकच माणूस रोज रात्री घरात येत राहिला की वारसाचा प्रश्न साधा राहत नाही, आणि तो सोडवण्यासाठी एनबीसीला भरपूर वेळ मिळाला होता.

कार्सन यांच्या पाठोपाठ साडेबाराला 1982 पासून डेव्हिड लेटरमन यांचा कार्यक्रम असे. तेच वारस, असे अनेकजण धरून चालले होते आणि स्वतः कार्सन यांचाही कल त्यांच्याकडेच होता. वाहिनीने जागा दिली ती जे लेनो यांना. येथपर्यंत हा निवडीचा प्रश्न होता आणि निवड करण्याचा अधिकार वाहिनीचा होता. पण लेटरमन यांना सीबीएसचे बोलावणे आल्याबरोबर एनबीसीचे अधिकारी स्वतःच्याच निवडीविषयी डळमळू लागले. लेनो यांना ठेवावे की काढावे, याची चर्चा ते फोनवरून करत असताना लेनो एका छोट्या खोलीत लपून ती सारी ऐकत बसले होते. ही गोष्ट पुढे त्यांनी स्वतःच कबूल केली. ज्या माणसाचा कार्यक्रम वाहिनीला एवढा पैसा मिळवून देतो, त्याला आपले भवितव्य कळण्यासाठी चोरासारखे दाराआड लपावे लागते, हे दृश्य मला या साऱ्या इतिहासात सर्वात बोलके वाटते. शेवटी वाहिनीने लेटरमन यांच्यापुढे तोडगा ठेवला तो असा: ‘टुनाइट’ तुम्हाला मिळेल, पण आत्ता नाही, लेनो यांचा करार 1994 मध्ये संपल्यावर. लेटरमन यांनी हा पुढच्या तारखेचा चेक परत केला आणि 30 ऑगस्ट 1993 पासून सीबीएसवर त्याच वेळी स्वतःचा कार्यक्रम सुरू केला.

यातून एनबीसीने धडा घेतला, पण तो नेमका उलटा घेतला. निर्णय घेऊन त्यावर ठाम राहावे असे न शिकता, कोणालाच हातचा जाऊ देऊ नये एवढेच ती शिकली. लेटरमन यांच्या रिकाम्या जागी 1993 मध्ये कोनन ओब्रायन आले होते. पडद्यावर त्यांना कोणी ओळखत नव्हते. सुरुवातीला वाहिनीने त्यांना काही आठवड्यांच्या मुदतवाढीवर कसेबसे चालू ठेवले. पुढे ते लोकप्रिय झाले आणि दुसऱ्या वाहिन्यांचा त्यांच्यावर डोळा गेला. तेव्हा एनबीसीने 2004 मध्ये त्यांना शब्द दिला की 2009 मध्ये ‘टुनाइट शो’ तुमचा. लेनो त्या वेळी आपल्या वेळेत पहिल्या क्रमांकावर होते, 1995 पासून लेटरमन यांच्या पुढे होते, आणि त्यांनाच पाच वर्षांनंतरची निवृत्ती सांगण्यात आली. 27 सप्टेंबर 2004 रोजी, कार्यक्रमाच्या पन्नासाव्या वर्धापनदिनी, त्यांनी ती स्वतःच्या तोंडाने प्रेक्षकांना सांगितली. दोन्ही डगरींवर हात ठेवून वाहिनीने पाच वर्षे काढली. एकाला मिळण्याची आशा आणि दुसऱ्याला जाण्याची तारीख, यांपैकी कशाचीही किंमत त्या दिवशी मोजावी लागली नाही, म्हणून तो निर्णय व्यवस्थापनाला शहाणपणाचा वाटला असावा.

किंमत मोजण्याची वेळ आली तेव्हाही लेनो पहिलेच होते. ते प्रतिस्पर्धी वाहिनीकडे गेले तर काय, या भीतीने एनबीसीने त्यांना सोमवार ते शुक्रवार रात्री दहाचा तास दिला. दहाच्या मालिकांच्या मानाने हा कार्यक्रम कितीतरी स्वस्तात होणार होता, हा त्यातला दुसरा हिशेब. 1 जून 2009 रोजी ओब्रायन ‘टुनाइट’च्या जागी बसले आणि 14 सप्टेंबरपासून त्यांच्या दीड तास आधी लेनो, जवळजवळ तशाच पाहुण्यांसह आणि तशाच विनोदांसह, रोज येऊ लागले.

येथे अमेरिकन दूरचित्रवाणीची रचना समजून घेतल्याशिवाय पुढचे नीट कळत नाही, आणि आपल्याकडे या विषयावर लिहिताना नेमके हेच गाळले जाते. आपल्या वाहिन्या दिल्ली-मुंबईतून थेट घरात येतात. तिकडे मोठे नेटवर्क कार्यक्रम पुरवते. ते दाखवणारी गावोगावची केंद्रे बहुतांशी दुसऱ्यांच्या मालकीची असतात. रात्री अकराच्या बातम्या ही त्या केंद्रांची स्वतःची निर्मिती आणि त्यांच्या उत्पन्नाचा मोठा आधार. दहाला लोकांनी काय पाहिले, यावर अकराला त्यांच्याकडे किती लोक उरतात हे ठरते आणि त्यावर 11 वाजून 35 मिनिटांनी सुरू होणाऱ्या ‘टुनाइट’चे नशीब ठरते. बोस्टनच्या डब्ल्यूएचडीएच या केंद्राने हा धोका आधीच ओळखला होता. लेनो यांच्याऐवजी आम्ही दहाला स्थानिक बातम्याच दाखवू, असे त्यांनी एप्रिल 2009 मध्ये जाहीर केले. एनबीसीने संबंध तोडण्याची धमकी दिली आणि केंद्राला माघार घ्यावी लागली.

मी बोस्टनजवळच राहत असल्याने हे केंद्र आमच्या घरी रोज लागे. त्या भागातल्या हिवाळ्यात अकराच्या बातम्यांना काय महत्त्व असते, हे तिथे राहिल्याशिवाय समजणार नाही. उद्या किती बर्फ पडणार, शाळा उघडणार की बंद राहणार, पहाटे गाडी बाहेर काढता येईल का, हे विचारायचे ठिकाण तेच. दहाची मालिका संपली की टीव्ही तसाच चालू राही, हवामान सांगणारा नकाशासमोर उभा राही आणि त्यानंतर आपसूक ‘टुनाइट’ची धून सुरू होई. अर्धी घरे सुरुवातीच्या विनोदांपर्यंत जागी राहत आणि मग दिवा मालवत. त्या शरद ऋतूत ही सवयच मोडली. शेजारपाजारचे लोक दहालाच दुसऱ्या वाहिनीवर जात आणि तिथल्याच बातम्या पाहून झोपत. ओब्रायन यांचे प्रेक्षक घटले ते त्यांच्या विनोदामुळे किती आणि दहाच्या त्या ओसाड तासामुळे किती, याचा हिशेब एनबीसीने कधी प्रामाणिकपणे मांडलेला माझ्या पाहण्यात आला नाही.

केंद्रांचा संताप अनावर झाल्यावर जानेवारी 2010 मध्ये वाहिनीने तिसरा तोडगा काढला. लेनो यांना 11:35 वाजता अर्धा तास, ओब्रायन यांचा ‘टुनाइट’ 12:05 वाजता आणि त्यांच्या पाठोपाठ होणारा जिमी फॅलन यांचा कार्यक्रम आणखी अर्धा तास पुढे. पुन्हा तेच: कोणालाच ‘नाही’ म्हणायचे नाही, सर्वांना थोडे थोडे सरकवायचे. ओब्रायन यांच्या करारात नेमकी वेळ लिहिलेली नव्हती, असे त्या वेळच्या बातम्यांत आले होते. म्हणजे कागदावर वाहिनी कदाचित सुरक्षित होती. पण 12 जानेवारीला त्यांनी काढलेले निवेदन मी तेव्हा दोनदा वाचले आणि त्यातला मुद्दा आजही मला बिनतोड वाटतो. हा कार्यक्रम कित्येक दशके स्थानिक बातम्यांनंतर लगेच होत आला. तो मध्यरात्रीनंतर, म्हणजे दुसऱ्या दिवशी ढकलला तर तो ‘टुनाइट’ राहणार नाही, आणि ज्या वारशाचा मला अभिमान आहे त्याच्या नाशाला मी हातभार लावणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. आपल्याला या जागी जेमतेम सात महिने मिळाले, याकडेही त्यांनी लक्ष वेधले. आपल्यामागच्या फॅलन यांचेही त्यात नुकसान आहे, हे त्यांनी आवर्जून लिहिले. स्वतःवर अन्याय होत असताना मागच्या माणसाची आठवण ठेवणे ही लहान गोष्ट नव्हे.

ओब्रायन यांनी ‘टुनाइट’ सोडावा, असा समझोता 21 जानेवारीला झाला. एकूण सुमारे साडेचार कोटी डॉलर वाहिनीने मोजले. त्यांतले सुमारे 3 कोटी 30 लाख ओब्रायन यांना आणि उरलेले त्यांच्या सहकाऱ्यांना. ही रक्कम ऐकून ‘मग रडायचे कशाला’ असे म्हणणारे तेव्हाही भेटत. त्यांनी हे लक्षात घ्यावे की लेखक, वादक, संकलक, वेशभूषाकार अशी कितीतरी माणसे या कार्यक्रमासाठी न्यूयॉर्कमधले बिऱ्हाड मोडून, मुलांच्या शाळा बदलून देशाच्या दुसऱ्या टोकाला, कॅलिफोर्नियात आली होती. सात महिन्यांत त्यांच्या तोंडाला पाने पुसली गेली. समझोता लांबला तोदेखील या सहकाऱ्यांच्या भरपाईसाठी ओब्रायन अडून बसल्यामुळे. 22 जानेवारीच्या अखेरच्या भागात त्यांनी एनबीसीचे आभार मानले आणि तरुण प्रेक्षकांना, कडवट होऊ नका, अशी कळकळीची विनंती केली.

लेनो 1 मार्चला ‘टुनाइट’वर परतले आणि लोकांच्या नजरेतून उतरले. त्यांच्या वागण्यावर टीका करण्यासारखे पुष्कळ आहे; परतायला नकार देणे त्यांच्या हातात होते. तरीही पहिल्या क्रमांकावर असताना ज्याला जायला सांगितले, मग नको त्या वेळी बसवले, मग अपयशी ठरवून पुन्हा जुन्या जागी आणले, त्या माणसाला या प्रकरणाचा सूत्रधार म्हणणे मला पटत नाही. दहा वाजताच्या प्रयोगाला संमती देणारे एनबीसीचे तेव्हाचे प्रमुख जेफ झकर आणि त्यांचे सहकारी अधिकारी यांची नावे आपल्याकडच्या लेखांत अभावानेच दिसतात. तेलही गेले, तूपही गेले, अशी वाहिनीची गत त्यांनी केली. ओब्रायन त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये टीबीएस या केबल वाहिनीवर गेले, आणि 2014 मध्ये लेनो यांनाही दुसऱ्यांदा जावे लागले ते फॅलन यांच्यासाठी.

आता 2025 कडे येते. एबीसीवर किमेल ज्या वेळेत 2003 मध्ये आले, ती वेळ बिल माहर यांचा कार्यक्रम बंद झाल्याने रिकामी झाली होती. 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यानंतर माहर यांनी केलेल्या वक्तव्यावरून काही जाहिरातदार आणि स्थानिक केंद्रे मागे हटली आणि पुढच्या वर्षी वाहिनीने तो कार्यक्रम संपवला. 17 सप्टेंबर 2025 रोजी फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन या केंद्रांना परवाने देणाऱ्या सरकारी आयोगाचे अध्यक्ष ब्रेंडन कार यांनी किमेल यांच्या वक्तव्यावरून उघड इशारा दिला, नेक्सस्टार आणि सिंक्लेअर या अनेक केंद्रांच्या मालक कंपन्यांनी कार्यक्रम दाखवण्यास नकार दिला आणि त्याच संध्याकाळी एबीसीने किमेल यांना थांबवले. ते 23 तारखेला परतले, पण एका दिवसात ज्या सहजतेने त्यांना दूर केले गेले, ती सहजता त्या दिवशी जन्मलेली नव्हती. कोल्बेर यांनी 17 जुलैला प्रेक्षकांना सांगितले की आपल्याला हा निर्णय आदल्या रात्रीच कळला. निर्णय निव्वळ आर्थिक आहे, असे सीबीएसने म्हटले; त्या वेळी तिची मालक कंपनी पॅरामाउंट स्कायडान्सबरोबरच्या विलीनीकरणाला सरकारी मंजुरी मिळण्याची वाट पाहत होती आणि ती मंजुरी आठवड्याभरात मिळाली. सूत्रसंचालकाला शेवटी सांगायचे, हा शिरस्ता ज्या उद्योगात आधीच मुरलेला आहे, तिथे सरकारला फार जोर लावावा लागत नाही.

म्हणून आपल्याला विनंती अशी की यापुढे या विषयावर लेख आला, तर कोण सूत्रसंचालक कोणाला काय बोलला यापेक्षा जास्त जागा या प्रश्नांना द्यावी: निर्णय कोणत्या अधिकाऱ्यांनी घेतला, करारात काय होते, स्थानिक केंद्रांच्या मालकांचे हितसंबंध कशात होते आणि पडद्यामागे काम करणाऱ्यांना किती दिवस आधी कळवले गेले. 2010 विषयी लिहिताना तर ही माहिती जुन्या बातम्यांत सहज उपलब्ध आहे.

आपली,
एक वाचक, पुणे