अमेरिकेत कसला आलाय फुटबॉल?

बर्लिंग्टन, व्हरमाँट
18 डिसेंबर 2024

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

बाबा, फोनवर तुम्ही "अमेरिकेत कसला आलाय फुटबॉल!" म्हणून विषय उडवून लावलात, म्हणून हे सविस्तर. आई, तुला कंटाळा आला तर सरळ शेवटाकडे जा, तो भाग तुझा आहे.

सोमवारी रात्री आमच्या गावच्या व्हरमाँट विद्यापीठाच्या पोरांनी कॉलेज फुटबॉलचं, म्हणजे इथल्या भाषेत सॉकरचं, राष्ट्रीय विजेतेपद मारलं. विद्यापीठाची याआधीची राष्ट्रीय विजेतेपदं सगळी स्कीइंगची. बर्फाचाच मुलूख, त्यात नवल ते काय! फुटबॉलचं मात्र हे पहिलंच. आणि सबंध राज्याची वस्ती साडेसहा लाखांच्या आत, म्हणजे आपल्या कोल्हापूर शहराच्या आसपास.

स्पर्धेत 48 संघ. 16 मानांकितांना पहिली फेरी माफ. आमचे त्यात नव्हते, त्यामुळे ओळीनं सहा सामने. एक हरला की घरी. पिट्सबर्गला त्यांच्याच मैदानावर 2-0 नं हरवलं, उपांत्य फेरीत डेन्व्हरला पेनल्टींवर काढलं. अंतिम सामना नॉर्थ कॅरोलायनात, मार्शल विद्यापीठाशी. हे 2020 च्या मोसमाचे विजेते.

दुसऱ्या हाफमध्ये मार्शलनं गोल केला आणि मी टीव्हीसमोरून उठून भांडी घासायला लागले. 81व्या मिनिटाला मार्सेल पाप या हंगेरीच्या पोरानं बरोबरी केली. मग जादा वेळ. 95व्या मिनिटाला लांब पास आला, जर्मनीचा माक्सिमिलियन किसेल बचावपटूला खांदा लावून पुढं निघाला, गोलकीपरला चकवून मोकळ्या जाळीत चेंडू! इथं गोल्डन गोलचा नियम, सामना तिथंच खलास. 2-1. मला तो फाऊल वाटला नाही. पण मी आता इथलीच झालेय, माझं काय खरं!

हंगेरी, जर्मनी वाचून तुमच्या कपाळाला आठी पडली असेल. पेठेतल्या संघांनी नायजेरियाचे खेळाडू आणले तेव्हाही तुम्ही चिडला होतात, आणि त्यांनी गोल केल्यावर पहिली शिट्टीही तुमचीच. इथंही तसंच आहे. मुलं कुठलीही असोत, हिरवा-सोनेरी शर्ट घातला की ती गावची. आपल्या कोल्हापूरच्या पाटाकडील-दिलबहार तालमींच्या सामन्यातली खुन्नस मात्र इथं नाही. लोक फारच सभ्य. हरल्यावर पंचाच्या सात पिढ्या काढणारा एकही भेटला नाही, थोडं चुकल्यासारखं होतं.

आई, मोसम ऑगस्टअखेर सुरू होतो, तेव्हा इथं थंडी नसते. विद्यापीठाच्या मैदानावर, व्हर्च्यू फील्डवर, फार जिने चढावे लागत नाहीत, बाबांच्या गुडघ्यांना चालेल. व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मिळायलाच महिने जातात, तेव्हा पासपोर्टचं नूतनीकरण या महिन्यातच करून टाका. बाबा टाळाटाळ करतील, त्यांचं ऐकू नकोस.

तुमची,
मनू