87 हजार एजंटांची बोंब

संपादक महोदय,
अमेरिकेत 2022 च्या कायद्याने आयआरएस या टॅक्स खात्याला दहा वर्षांसाठी सुमारे 80 अब्ज डॉलर दिले आणि रिपब्लिकन नेत्यांनी लगेच 87 हजार एजंट सामान्यांच्या मागे लागणार म्हणून बोंब ठोकली, पण तो आकडा 2021 च्या ट्रेझरी म्हणजे अर्थखात्याच्या रिपोर्टमधला, एकूण नोकरभरतीचा, त्यात फोन उचलणारे, आयटीवालेही आले! अहो, पगारदाराचा टॅक्स हातात पैसे यायच्या आधीच कापतात, वर मालक डब्ल्यू-टू फॉर्मवर सगळं खात्याला कळवतो, तो बिचारा लपवणार काय? लपतं ते बड्यांचं, भागीदारी फर्मच्या जाळ्यात, ते उकलायला अनुभवी ऑडिटरच लागतात. टॅक्सच्या दरावरून पक्षांनी खुशाल भांडावं, पण ठरलेला टॅक्स वसूल करणाऱ्या खात्याच्याच पैशाला 2023 मध्ये कात्री लावली, हे मला अजिबात पटलेलं नाही.
– एक वाचक